मार्था सिस्टर आणि आमच्या घरची कल्हई

मार्था सिस्टर गेल्या तेव्हा त्यांच्या चर्चमध्ये मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, बाई फार मायाळू होती, तिनं कधी कुणाला लागेल असा शब्द उच्चारला नाही. माझ्या बाजूला केडगावातलेच तिघं बसले होते, ते खाली मान घालून आपापल्या चपला बघायला लागले. त्या तिघांनाही बाईंनी कधी ना कधी भर रस्त्यात झाडलेलं होतं. खुद्द पाळकसाहेबांना झाडलेलं तर मी ह्या कानांनी ऐकलंय. वाटलं, उठावं आणि म्हणावं, मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोलता? पण परक्याच्या देवाच्या घरात वाद नको म्हणून गप्प राहिलो.

त्याला वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या भाचीनं मला एक वही दिली. म्हणाली, अण्णा, मावशीच्या आठवणी सगळ्यांकडून लिहून घेतेय, तुम्हीपण लिहा. मी चौथी शिकलेला. भांड्यांना कल्हई करणं हा माझा धंदा. पण लिहायला बसलोच आहे तर गोडगोड लिहिणार नाही. ज्याला गोड वाचायचंय त्यानं पाळकसाहेबांचं पान वाचावं.

सिस्टर बुटक्या, सावळ्या, पाठीत जरा वाकलेल्या. मिशनच्या दवाखान्यात सगळी नोकरी झाली. रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली तरी पांढरं पातळ सुटलं नाही आणि खांद्यापाशी उलटं टाचलेलं घड्याळही सुटलं नाही. आमच्या गल्लीत चौथं घर त्यांचं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सवड मिळाली नाही."

समोरून आल्या की "सलाम" म्हणायच्या, आणि आपण सलाम म्हणेपर्यंत त्यांची नजर आपल्या नखांवर गेलेली असायची. नखं झाली की डोळे. डोळे झाले की सरळ हात पुढं करून खालचा ओठ ओढायच्या आणि हिरड्या बघायच्या. ओळख असो नसो. एकदा एसटीत कंडक्टरनं तिकीट द्यायला हात पुढं केला तर बाईंनी त्याचं बोटच धरून ठेवलं. म्हणाल्या, "बोटांची टोकं अशी फुगलीत कधीपासून? छातीचा फोटो काढा. या आठवड्यात काढा." कंडक्टर भडकला. "आज्जी, तिकीट घ्या न्हाईतर उतरा." बाई उतरल्या नाहीत आणि बोटही सोडलं नाही. महिन्याभरानं मी विचारलं, त्या कंडक्टरचं काय झालं? म्हणाल्या, "भांडायला आला नाही ना? मग गेला असेल डॉक्टरकडे."

पाळकसाहेबांचं असं झालं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ते पोट धरून म्हणाले, सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा, दोन दिवस फार दुखतंय. मी तिथं चर्चची मोठी घंगाळं न्यायला गेल्तो. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "प्रार्थना करते. आधी संडासला कधी झाली ते सांगा." पाळकसाहेब लाल झाले. बाई म्हणाल्या, "लाजू नका. प्रभूला माहीत आहे, मला सांगा."

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरात बघितली नाही. बाकीचे विचारतात, कुठं दुखतंय. सिस्टर विचारायच्या, कुठं असताना दुखत नाही. एवढ्या एका प्रश्नापायी मी ही वही घेतलीय. बाकीचं सगळं त्याच्यापुढं किरकोळ.

तर आता माझ्या घरातलं लिहितो.

माझी बायको यमुना. माहेर कर्जतचं. आम्हाला मूल झालं नाही. ती धंद्यात माझ्या बरोबरीनं राबली, भाता ओढला, भांडी घासून दिली. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं तर ते कळकतं, म्हणून भांडं तापवून, नवसागर मारून आतून कथलाचा हात द्यायचा, ती कल्हई. कथील चोख असलं तर त्याची कांडी वाकवताना करकर आवाज येतो. त्यात शिसं मिसळलेलं असलं तर कांडी मुकाट वाकते. हे मला माझ्या बापानं शिकवलं आणि मी यमुनाला. तिचा कान माझ्यापेक्षा तयार होता.

करोनात बाजार बंद पडला तेव्हा चोख कथील मिळेना. भंगारवाल्याकडून काही कांड्या आल्या. वाकवून बघितल्या, मुकाट वाकल्या. मी त्या गिऱ्हाइकाला लावल्या नाहीत. ह्याचा मला गर्व होता, आणि तो गर्व मी गल्लीभर सांगत फिरलो. पुढं बाजार उघडला. पुण्यामुंबईच्या लोकांना पितळेच्या भांड्यांचं खूळ लागलं, मोबाईलवर कुणीतरी लिहिलं म्हणून. केडगावात बंगलेवाले मोटारीतून पातेली आणायला लागले. त्यांना मी चोखच लावलं. आणि भंगारातल्या त्या कांड्या घरच्या भांड्यांना लावल्या. घरचं भांडं, कोण बघतंय. फुकट कशाला घालवायचं. एवढाच विचार केला, आणि तोही नीट केला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी यमुनाचं पोट दुखायला लागलं.

दुखणं असं की ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर लोळायची. पोट दाबलं तर दगडासारखं, आणि आठ-आठ दिवस संडास नाही. एका डॉक्टरनं गॅस म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं मूतखडा म्हणून पाणी प्यायला सांगितलं. तिसऱ्यानं अपेंडिक्स म्हणून पोट फाडलं आणि अपेंडिक्स काढून मला बरणीत दाखवलं. त्यानंतर दुखणं तसंच. शनिशिंगणापूरला तेल वाहून आलो. दुखणं तसंच. शेवटी एक डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनाचं असतं काही बायकांचं." अगदी हसून म्हणाला. त्याचं तोंड अजून माझ्या डोळ्यापुढं आहे.

पण त्याच्यावर चिडायचा मला काय हक्क? मी काय वेगळं केलं? यमुना माहेरी गेली की आठ-दहा दिवसांत तिचं दुखणं ओसरायचं. भावाकडं जेवायची, झोपायची, हसायची. घरी आली की पंधरवड्यात पुन्हा लोळण. तिचा भाऊ दत्तू फोनवर चेष्टा करायचा, "दाजी, ताईच्या पोटाला तुमचं घर मानवत न्हाई." गल्लीतल्या बायका हसायच्या. मी हसत नव्हतो. एकदा ती भिंतीला पाठ लावून कळ सोसत बसली होती आणि मी तिला म्हणालो, "माह्यारी बरं न्हाई गं दुखत. तिथं कामं न्हाईत म्हून? ढोंग करती व्हय?"

तिनं वर बघितलं. म्हणाली, "अवो, मला बी कळंना असं का हुतंय." आणि उठून भाकरी थापायला लागली.

हे सगळं चाललं तेव्हा मार्था सिस्टर गल्लीत नव्हत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे नाशिकला गेल्या होत्या आणि तिथंच मुक्काम वाढला होता. त्या परत आल्या त्या दिवशी यमुना नगरात एका दवाखान्यात भरती होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या सर्जननं सांगितलं होतं, कळत नाही काय आहे, पुन्हा पोट उघडून बघावं लागेल, दुपारी घेतो. सकाळी नर्सनं कागद आणून माझ्यापुढं धरला, सही करा. मी पेन हातात घेतलं तोवर दारात सलाम ऐकू आला.

बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही नुकतंच झालं होतं, त्यावर हिरवी पट्टी होती. गल्लीत सगळं ऐकून सरळ इकडं आल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. यमुनाची नखं बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग विचारलं, "यमुनाबाई, कुठं असताना दुखत नाही?"

तिच्याआधी मीच म्हणालो, "माह्यारी. भावाकडं गेली का बरी हुती." अजून माझ्या आवाजात टोमणा होता.

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "हसता कशाला? हेच तर सांगतेय ती सात महिने."

मग त्यांनी यमुनाचा ओठ खाली ओढला आणि तसाच धरून ठेवला. मला म्हणाल्या, इकडे या. खालच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला, बारीक निळसर काळी रेघ होती. शिसपेन्सिलीनं कुणी हळूच ओढावी तशी. चाळीस वर्षं यमुनाबरोबर संसार केला, मला ती रेघ दिसली नव्हती. इतक्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवले, तोंडात कुणी बघितलं नव्हतं.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला. म्हणाल्या, "माझे वडील नगरात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचे खिळे. दुपारची भाकरी त्याच हातानं खायचे. मी दहा वर्षांची होते. पोट धरून ते असेच लोळायचे, आणि आई म्हणायची कामचुकार. त्यांच्या हिरडीवर ही रेघ होती. नंतर कळलं. फार नंतर."

एवढंच बोलल्या. पुढं वडिलांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मला विचारलं, "घरच्या भांड्यांना कथील कुठलं लावता?"

मी म्हणालो, "चोख."

"नक्की?"

"आमच्या घरात शिसं येत न्हाई सिस्टर. आज्यापासूनचा धंदा हाय."

खोटं बोललो. त्या खोलीत आणखी दोन पलंग होते, आणि एका पलंगावरच्या बाईची सून माझं गिऱ्हाईक होती. ती ऐकत होती. तेवढ्यासाठी खोटं बोललो. बायकोचं पोट दुसऱ्यांदा फाडायला दोन तास उरले होते आणि मी माझं नाव सांभाळत होतो.

सिस्टरनी यमुनाला विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. त्या मुकाट वाकणाऱ्या कांड्या तिनंच मला हातात दिल्या होत्या. पण ती सिस्टरना म्हणाली, "चोखच हाय वो बाई. ह्येंचा हात कधी खोटा न्हाई."

मी कागद नर्सच्या हातात परत दिला आणि म्हणालो, "शिसं हाय. निम्मं शिसं हाय. घरच्या सगळ्या भांड्यान्ला मीच लावलंय." शेजारच्या पलंगावरच्या बाईची सून तोंडाला पदर लावून बघत राहिली.

सिस्टर म्हणाल्या, "दोन मिनिटं वाया घालवली." आणि सर्जनला शोधायला निघाल्या.

सर्जन जिन्यात भेटला. भला माणूस, पण घाईत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुमचा मान आहे, पण तुम्ही रिटायर झालात."

"मी झाले. शिसं रिटायर होत नाही. तिच्या रक्ताचा थेंब काचेवर घ्या. मशीनमध्ये घालू नका, माणसाला डोळ्यानं बघायला सांगा. तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले नाहीत तर खुशाल पोट उघडा, मी स्वतः तुमच्या हातात चाकू देते."

सर्जन हसला, पण थेंब घेतला. दुपारी लॅबवाला धावत वर आला. ठिपके होते. ऑपरेशन थांबलं. रक्त मुंबईला गेलं, चार दिवसांनी रिपोर्ट आला, शिसं भरपूर. सर्जननं सांगितलं, असं आमच्या बघण्यात येत नाही. पोटाला काहीच झालेलं नसतं, पण शिसं आतड्यांच्या नसांना धरतं आणि माणूस अपेंडिक्ससारखा तडफडतो. मग त्यानं शिकाऊ डॉक्टरांना बोलावून यमुनाच्या हिरडीचे मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली. बाईंनी मधे हात घातला. "आधी तिला विचारा. ती भांडं नाही." यमुना म्हणाली, काढू द्या. बाई म्हणाल्या, "आता काढा."

मी सर्जनला विचारलं, एकाच घरात जेवतो, मग तिलाच का? तो म्हणाला, सांगता येत नाही, प्रत्येकाचं शरीर वेगळं. हे उत्तर मला बरं वाटलं. सिस्टरना ते चाललं नाही. बाहेर बाकावर त्यांनी मला बसवलं आणि पोलीस विचारतात तसं विचारलं. कढी कशात करता? पितळी पातेल्यात. उरली तर? त्याच पातेल्यात राहते. दुसऱ्या दिवशी कोण खातं?

मी सांगितलं, ती.

चिंचेचं सार उरलं तर? ती. ताक आंबलं तर? ती. अण्णांना ताजं वाढायचं आणि रात्रभर पितळेत मुरलेलं आंबट सकाळी बाईनं भाकरीशी खायचं. टाकायचं कसं म्हणून. माझ्या आईनंही तेच केलं, तिच्या आईनंही. आंबट जितकं मुरतं तितकं शिसं त्यात उतरतं. म्हणजे शिसं मी लावलं, आणि ते तिच्याच ताटात जाईल अशी व्यवस्था आमच्या घरात आधीपासून लावून ठेवलेली होती.

सिस्टरनी माझाही ओठ ओढून बघितला. मग चिडून म्हणाल्या, "तुमचे दात कुठं आहेत?" माझी कवळी. दात नसले तर रेघ उमटत नाही म्हणे. रक्त तपासलं तर माझ्यातही थोडं निघालं. मला बरं वाटलं. अजून जास्त निघालं असतं तर आणखी बरं वाटलं असतं.

पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेऊन शिसं बाहेर काढायची औषधं दिली. आधी सलाईनमधून, मग गोळ्या. लघवीवाटे उतरतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, घरातली भांडी बदलल्याशिवाय औषध देऊन उपयोग नाही, वरून ओतायचं आणि खालून काढायचं असं होईल. बाकी सगळं सिस्टरनी केलं. आम्ही पुण्यात होतो तेवढ्यात आमच्या घराचं कुलूप उघडून त्यांनी एकूण एक पितळी भांडं पोत्यात भरलं आणि स्वतःच्या घरची स्टीलची चार भांडी मांडणीवर लावून ठेवली. पोळपाट-लाटणं तेवढं ठेवलं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दारात. "कल्हईवाले, चला."

"कुठं?"

"तुमच्या गिऱ्हाइकांकडे."

मी भडकलो. म्हणालो, गिऱ्हाइकाला चोखच लावलंय, शप्पथ घेतो. म्हणाल्या, "शपथ दवाखान्यातही घेतली असतीत." हातात पांढऱ्या कागदाचे तुकडे घेऊन त्या माझ्यापुढं चालू लागल्या. शिशाचं अंग कागदावर घासलं की करडं उमटतं, चोख कथलाचं तसं उमटत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. तीन घरं त्यांनी निवडली, मला निवडू दिली नाहीत. लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात कागद घासला. बंगल्यातल्या बाईनं विचारलं, काय झालं हो? सिस्टर म्हणाल्या, "तपासतेय. यांच्या घरी शिसं निघालं." लपवणं नाही, सांभाळून घेणं नाही.

तिन्ही घरचे कागद पांढरे राहिले. सिस्टरनी ते घडी करून पिशवीत ठेवले. म्हणाल्या, "बरं झालं. खात्री करायला हवी होती."

तेव्हा माझा तोल गेला. रस्त्यातच ओरडलो, "बघितलं ना? लोकांन्ला चोख दिलं मी. चोख." आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मलाच ऐकू आलं. लोकांना चोख दिलं. ह्याच्याइतकी वाईट साक्ष माझ्याविरुद्ध दुसरी नव्हती. चोर असतो तर सगळ्यांना सारखं फसवलं असतं. बाईंना ते कळलं होतं, तीन घरांच्या आधीच कळलं असेल. पण एवढी तोंडाळ बाई, तिथं मात्र काही बोलली नाही, रस्त्याच्या कडेला माझ्याबरोबर उभी राहिली.

मी भट्टी कायमची विझवली ती त्या दिवशी.

यमुनाचं पोट पुन्हा दुखलं नाही. कर्जतला असो की घरी. पण उजव्या मनगटातला जोर गेला तो पुरता आला नाही, डाव हातातून सुटून पातेल्यात पडायचा. हाडात बसलेलं शिसं सहजी निघत नाही. रक्तदाब चढला, मग किडन्या गेल्या. मागच्या वर्षी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं की किडन्या जातात, त्याच कारणानं असं म्हणता येत नाही. मी सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "काही वाटा त्याचा आहे. किती ते कुणालाच सांगता येणार नाही. काहीच नाही असं मी म्हणणार नाही." बाकी सगळं जग मला नशीब म्हणत होतं. नशीब ह्या शब्दाची मला शिसारी आली. नशिबानं नाही लावली ती कल्हई.

दहाव्याचं जेवण झाल्यावर माणसं ओट्यावर बसली होती. सिस्टर खुर्चीत. दत्तूला रडू आवरत नव्हतं, आणि रडता रडता माणूस बोलतो तसं तो बोलला, "ताईचं पोट माह्यारी आल्यावरच दुखायचं थांबायचं. किती चेष्टा करायचो आमी तिची." चार जण ओलं हसले. मायेनंच हसले.

सिस्टर म्हणाल्या, "हसू नका. तिला दुखत होतं."

दत्तूला तोवर खरं माहीत नव्हतं. त्याला आम्ही दोघांनी सांगितलं होतं, औषधाची रिॲक्शन. यमुनानंच तसं सांगायला लावलं होतं. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. सांगा म्हणाल्या नाहीत. नजर मात्र काढली नाही.

मी सांगितलं. कांड्या, घरची भांडी, उरलेली कढी, ढोंग करती व्हय म्हणालो ते, दवाखान्यात खोटं बोललो ते, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली ते. दत्तू ऐकून उठला. चपला घातल्या. म्हणाला, "दाजी, आता तुमचं तोंड बघायचं न्हाई मला." आणि गेला. तो अजून आला नाही. त्याचं बरोबर आहे.

माणसं हळूहळू पांगली. कुणी माझ्याशी बोललं नाही. सिस्टर तेवढ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी म्हणतील, बरं केलंत सांगितलंत. ते नाही. म्हणाल्या, "उरलेल्या कांड्या कुठं आहेत?"

माळ्यावर होत्या. सात-आठ किलो असतील. त्यांचं काय करावं ते कळलं नव्हतं. विहिरीजवळ पुरता येत नाहीत, भंगारात दिल्या तर कुणीतरी वितळवून आणखी कुणाच्या पातेल्याला लावणार. म्हणून इतकी वर्षं धूळ खात पडल्या होत्या, आणि यमुना त्यांच्याच खाली झोपत होती.

"काढा," सिस्टर म्हणाल्या.

मी शिडी लावून काढल्या. त्यांनी कापडी पिशवी पुढं धरली. मी म्हणालो, मी येतो घेऊन, तुमच्यानं उचलणार न्हाई. ऐंशीच्या घरातली बाई. म्हणाल्या, "तुमच्या हातात ह्या आता नकोत. दवाखान्यात एक्सरेच्या खोलीला शिशाचे पत्रे लावतात, तिथं ओळख आहे माझी. तिथं बसू दे भिंतीत."

पिशवी उचलली तेव्हा त्या पार एका अंगाला कलल्या. मी दारात उभा राहिलो. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. पहिल्या खांबापाशी त्यांनी पिशवी खाली ठेवली, दम घेतला, हात बदलला. दुसऱ्या खांबापाशी पुन्हा. मागं वळून बघितलं नाही. मला त्यांचा राग आला. माझं ओझं ती बाई ओढत होती आणि मला हात लावू देत नव्हती. कोपऱ्यावर एका रिक्षावाल्यानं गाडी थांबवली, पिशवी आत घ्यायला हात पुढं केला, आणि बाईंनी त्यालाही दिली नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. रिक्षा पुणे रोडकडं वळली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या झोपेतच गेल्या.